दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील वस्तू आल्या कोठून, आणि घरातील पेटी द्यावी कोणाकडे?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण नुकतेच दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय पाहून आलात, आणि त्यानंतर सातारा जिल्ह्यातील वाड्याची वाटणी होताना एक जुनी सागवानी पेटी आपल्या वाट्याला आली. तिच्यात मोडी कागदांचा एक रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा), तांब्याच्या गडूत भरलेली शिवराई नाणी, एक तलवार आणि आजीच्या माहेरून आलेला सावंतवाडी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचा, अपुरा डाव आहे. दिल्लीतील संग्रह इंग्रजांनीच जमवून ठेवला होता का, त्यात महाराष्ट्र इतका थोडा का दिसतो, आणि ही पेटी तेथे दिली तर तिचे चीज होईल का, असे आपण विचारले आहे. या पेटीबद्दल नीट सांगू शकेल अशी घरात आता फक्त एक वयोवृद्ध आत्या उरली आहे, असेही आपण जाता जाता लिहिले आहे. ते वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले.

मी तीस वर्षांहून अधिक काळ संग्रहालयांच्या नोंदणी विभागांत काम केले. वस्तू दारातून आत आली की तिला क्रमांक देणे, तिची मोजमापे घेणे, ती कोणाकडून, कोठून आणि कोणत्या कागदावर आली हे ॲक्सेशन रजिस्टरमध्ये उतरवणे, हे माझे काम होते. त्यामुळे मी उत्तर देतो ते रजिस्टरच्या बाजूने देतो. दालने सजवणारा एखादा अभिरक्षक कदाचित वेगळ्या गोष्टींवर भर देईल. आपल्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो. एखाद्या घरातील, गावातील किंवा देवळातील वस्तू उचलून राष्ट्राच्या संग्रहात ठेवली जाते, तेव्हा त्या प्रवासात तिची हकिकत तिच्याबरोबर जाते, की वाटेत गळून पडते? राष्ट्रीय संग्रहालयाच्या स्थापनेची कथा या प्रश्नाच्या दोन्ही उत्तरांनी भरलेली आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो.

इंग्रजांनी दिल्लीत तयार संग्रह ठेवून दिला, ही समजूत बरोबर नाही. देशातील सर्वांत जुने मोठे संग्रहालय कोलकात्याचे. एशियाटिक सोसायटीने नॅथॅनियल वॉलिक या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने ते १८१४ मध्ये सुरू केले. आपल्याकडे नागपूरचा अजब बंगला १८६३ चा, आणि भायखळ्याचे, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. दिल्ली तेव्हा राजधानीही नव्हती. शिवाय १९०२ मध्ये पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झालेले जॉन मार्शल यांचे धोरण असे होते की, उत्खननात मिळालेल्या वस्तू शक्यतो त्या स्थळाजवळच ठेवाव्यात. सारनाथचे स्थळ संग्रहालय १९१० मध्ये उघडले ते याच विचाराने. मला हे धोरण आजही योग्य वाटते, कारण ज्या मातीतून मूर्ती निघाली ती माती पन्नास पावलांवर दिसत असली की पाहणाऱ्याला फलक वाचावा लागत नाही. पण याचा परिणाम असा झाला की, पुढे राजधानीत मध्यवर्ती संग्रहालय काढायचे ठरले तेव्हा दिल्लीच्या हाताशी स्वतःचे असे फार थोडे होते. नव्या दिल्लीच्या आराखड्यात, आज कर्तव्य पथ (पूर्वीचा राजपथ) आणि जनपथ या नावांनी परिचित असलेल्या रस्त्यांच्या चौकात चार मोठ्या संस्था योजलेल्या होत्या. स्वातंत्र्यापूर्वी त्यांपैकी अभिलेखागाराची इमारत तेवढी उभी राहिली.

सर मॉरिस ग्वायर हे फेडरल कोर्टाचे पहिले सरन्यायाधीश. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाचा आराखडा दिला. आराखडा झाला, तरी वस्तू कोठून आणायच्या हा प्रश्न राहिलाच, आणि तो सुटला एका वेगळ्याच घटनेमुळे. लंडनच्या रॉयल अकॅडमीने १९४७-४८ च्या हिवाळ्यात बर्लिंग्टन हाउसमध्ये भारत आणि पाकिस्तानच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यासाठी देशभरातील संग्रहालयांनी आपल्याकडील उत्तमोत्तम वस्तू उसन्या दिल्या होत्या. त्या परत आल्यावर ज्यांच्या त्यांच्याकडे पाठवण्यापूर्वी दिल्लीकरांना एकदा दाखवाव्यात, म्हणून आज राष्ट्रपती भवन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत त्या मांडण्यात आल्या. ते प्रदर्शन इतके गाजले की, हा संग्रह पुन्हा पांगू देऊ नये असे सरकारला वाटू लागले. १५ ऑगस्ट १९४९ रोजी त्याच वास्तूत चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

म्हणजे आपले राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले ते उसन्या वस्तूंवर. त्या कायमच्या ठेवून घेण्यासाठी मूळ संस्थांची मनधरणी करावी लागली; काहींनी मान्य केले, काहींनी आपल्या वस्तू परत मागितल्या. परत मागणाऱ्यांकडे संकुचित वृत्तीचे म्हणून पाहण्याची पद्धत आहे, मला ती पटत नाही. एखाद्या छोट्या संग्रहालयाकडे मानाची म्हणावी अशी एकच मूर्ती असते, आणि तीच गेली तर मागे रिकामा चौथरा उरतो. त्या प्रदर्शनाची एक खूण आजही जागेवर आहे. बिहारमधील रामपुरवा येथील अशोकस्तंभाचा वृषभशीर्ष राष्ट्रपती भवनाच्या खांबांमध्ये उभा आहे. मूळचा तो कोलकात्याच्या संग्रहालयाकडचा.

त्याच काळात दुसरी एक वाटणी चालू होती, आणि ती आपल्या वाड्याच्या वाटणीपेक्षा फार अवघड होती. मोहेंजोदडो आणि हडप्पा ही दोन्ही स्थळे फाळणीनंतर पाकिस्तानात गेली, पण तेथील महत्त्वाच्या वस्तूंपैकी पुष्कळशा तेव्हा दिल्लीत होत्या. त्यांची दोन देशांत विभागणी झाली. सुमारे साडेदहा सेंटिमीटर उंचीची, एका हातात खांद्यापर्यंत बांगड्या भरलेली कांस्य नर्तिका भारताकडे राहिली. ती १९२६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांच्या उत्खननात सापडली होती. शाल पांघरलेला दगडी ‘पुरोहित राजा’ आज पाकिस्तानच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा मानबिंदू आहे. येथवर ठीक होते, कारण वस्तू अखंड राहिल्या. पण मोहेंजोदडोच्या एका ठेव्यात मिळालेला हिरव्या लांबट मण्यांचा आणि सोन्याच्या मण्यांचा हार चक्क ओवणी सोडून दोन भागांत वाटला गेला, आणि कार्नेलियन या लालसर दगडाच्या लांब मण्यांच्या मेखलेचेही तसेच झाले. आपण हडप्पा दालनात काचेपलीकडे जो हार पाहिलात तो अर्धा आहे. पुन्हा दिल्लीला जाल तेव्हा त्याच्यासमोर दोन मिनिटे अधिक थांबा. मी तेथे कधी गेलो तरी माझी नजर मण्यांवर ठरत नाही, त्यांच्यामधल्या दोऱ्यावर जाते, कारण तो दोरा आपल्या पिढीच्या आधीच्या कोणीतरी अधिकाऱ्याने, टेबलावर मणी मोजून, नव्याने ओवलेला आहे.

तरीही येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. तो हार अर्धा आहे हे आज आपल्याला कळते, याचे कारण उत्खननाच्या अहवालात अखंड हाराचे छायाचित्र आणि वर्णन होते. नोंद शिल्लक होती, म्हणून दोन देशांतील दोन अर्धे हार आजही मनातल्या मनात जोडता येतात.

आजच्या इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंनी १२ मे १९५५ रोजी बसवली आणि १८ डिसेंबर १९६० रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी तिचे उद्घाटन केले. तिचे वास्तुविशारद गणेश भिकाजी देवळालीकर हे मराठी गृहस्थ. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या प्रमुखपदी बसलेले ते पहिले भारतीय, आणि सर्वोच्च न्यायालयाची इमारतही त्यांचीच. दालनांत महाराष्ट्र थोडा दिसला असे आपल्याला वाटले. ज्या वर्तुळाकार सज्ज्यांतून आपण चालत होता, ते मात्र एका मराठी माणसाच्या आराखड्यातले होते. पहिल्या संचालक म्हणून सान फ्रान्सिस्कोच्या कला संग्रहालयाच्या संस्थापक संचालक ग्रेस मॉर्ले आल्या. गर्दी न करता, प्रत्येक शिल्पाभोवती मोकळी जागा सोडून आणि मागे साधी भिंत ठेवून मांडणी करण्याची जी पद्धत आपल्याकडे आज सर्वमान्य वाटते, ती रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. निवृत्तीनंतरही त्या भारतातच राहिल्या आणि १९८५ मध्ये दिल्लीतच त्यांचे निधन झाले.

आता संग्रहाबद्दल. आज तेथे दोन लाखांहून अधिक वस्तू आहेत, आणि त्यांपैकी दालनांत दिसणारा भाग फार लहान आहे. जगातील बहुतेक मोठ्या संग्रहालयांत असेच असते, हे पेटीचा विचार करताना लक्षात ठेवा. या वस्तू मुख्यतः उत्खननांतून, जुन्या सरकारी संग्रहांतून, खरेदीतून आणि देणग्यांतून आल्या. खरेदीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तज्ज्ञांची समिती वस्तू पाहते, खरेपणा आणि किंमत ठरवते, आणि घेते किंवा नाकारते. जुन्या सरकारी संग्रहांपैकी ऑरेल स्टाईन यांचा मध्य आशियाई संग्रह मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. स्टाईन यांनी १९०० ते १९१६ या काळात तकलामकान वाळवंटाच्या कडेने तीन मोहिमा केल्या. दुसऱ्या मोहिमेचा खर्च तीन पंचमांश भारत सरकारने आणि दोन पंचमांश ब्रिटिश म्युझियमने उचलला होता, म्हणून मिळालेल्या वस्तूही त्याच प्रमाणात वाटायच्या ठरल्या. चीनमधील दुनहुआंगच्या गुहेतील रेशमावरची चित्रे दिल्लीत कशी, याचे उत्तर त्या हिशेबात आहे. मात्र ती चित्रे स्टाईन यांनी १९०७ मध्ये तेथील वांग युआनलू या पुजाऱ्याकडून अगदी अल्प मोबदल्यात मिळवली होती, आणि चिनी लोकांच्या मनात त्याबद्दल आजही सल आहे. आपण लंडनमधील आपल्या वस्तूंबद्दल बोलतो तेव्हा दिल्लीतील या वस्तूंचीही आठवण ठेवावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

देणग्यांपैकी दोन सांगतो. सरोदवादक शरणराणी यांनी आयुष्यभर जमवलेली शेकडो वाद्ये राष्ट्रीय संग्रहालयाला दिली, आणि १९८० मध्ये त्यांचे स्वतंत्र दालन उघडले. मुंबईत जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले पारशी कलाव्यापारी नसली हीरामाणेक आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कोलंबसपूर्व अमेरिकेतील कलावस्तूंचा संग्रह दिला, त्यामुळे पेरू आणि मेक्सिकोची मातीची भांडी आपल्याला जनपथावर पाहता येतात. दोन्ही देणग्यांत एक समान गुण आहे. देणाऱ्याला आपल्याकडील प्रत्येक वस्तू माहीत होती आणि त्या वस्तूंना मिळून एक अर्थ होता. संग्रहालये अशा संग्रहांसाठी जागा काढतात. सुट्या वस्तूंसाठी काढतीलच असे नाही.

महाराष्ट्राबद्दलचा आपला प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर पक्षपातात शोधू नका. वस्तू कोठे जाते हे बहुधा खोदणारा कोण आणि जागा कोणाच्या ताब्यातली यावर ठरते. कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेणी केंद्राच्या संरक्षणाखालील, आणि तेथील सफाईचे व संशोधनाचे काम पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी केले. म्हणून तेथे मिळालेला यक्ष आज दिल्लीत आहे. आपण त्याला पाहिलेच असेल. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर पात्र धरलेला आणि तोंडभर हसणारा. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत कोरले आहे की, ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली. दोन हजार वर्षांपूर्वी एका सोनाराने दगड घडवला आणि आपले नाव व धंदा वस्तूवरच लिहून ठेवला. नोंदणीचे काम करणाऱ्या माणसाला याहून आनंदाचे काय असणार? फलक हरवला, रजिस्टर जळले, तरी त्या यक्षाचा कर्ता हरवणार नाही.

उलट कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन कांस्यमूर्ती कोल्हापुरातच राहिली. त्या सापडलेल्या वस्तूंसाठीच तेथे १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झाले, आणि आज ते टाउन हॉलमध्ये आहे. नेवासे, जोर्वे, इनामगाव येथील उत्खननांचे साहित्य डेक्कन कॉलेजने पुण्यात सांभाळले. वि. का. राजवाडे आणि सहकाऱ्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात लाखो मोडी कागद आहेत, पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल पुणे पुराभिलेखागारात आहेत, आणि दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, दारे अशा घरगुती वस्तूंचा जो संग्रह उभा केला तो त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. म्हणजे आपला इतिहास दिल्लीत थोडा दिसतो, कारण त्यातला पुष्कळसा घराजवळच राहिला. मला ही उणीव वाटत नाही.

नोंद हरवली म्हणजे नेमके काय होते, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेल्या एका प्रसंगावरून सांगतो. मी ज्या एका संग्रहालयात उमेदवारी करत होतो, तेथे एका शेतकऱ्याच्या बांधावर सापडलेली सुमारे दोनशे नाणी आली होती. ती छोट्या कागदी पाकिटांत होती आणि प्रत्येक पाकिटावर शिसपेन्सिलीने गाव, खोली आणि मडक्यातील थर लिहिलेला होता. वार्षिक तपासणीच्या आधी एका कर्मचाऱ्याने ती स्वच्छ दिसावीत म्हणून सगळी पाकिटे रिकामी करून नाणी एकत्र धुतली आणि एका ट्रेमध्ये ओळीने मांडली. ट्रे सुंदर दिसत होता. पाकिटे कचऱ्यात गेली होती. एकही नाणे हरवले नाही, वजन ग्रॅमपर्यंत जुळले, आणि तरीही कोणते नाणे तळाशी होते, कोणते वर, म्हणजेच तो ठेवा कधी आणि किती वेळा भरला गेला, हे पुन्हा कोणालाही सांगता येणार नाही. त्या कर्मचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पाकीट हाही वस्तूचाच भाग असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

याच्या उलटही घडते. तमिळनाडूतील श्रीपुरंदन येथील देवळातून चोरीला गेलेली नटराजाची चोलकालीन मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने विकत घेतली होती. ती २०१४ मध्ये भारताला परत मिळाली, कारण ती देवळात असताना घेतलेले एक छायाचित्र पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात होते. बुंदेलखंडातील लोखरी गावची वृषभमुखी योगिनी पॅरिसहून २०१३ मध्ये परत येऊन राष्ट्रीय संग्रहालयात आली, तीही मूळ कोठली हे सांगता येत होते म्हणून. मालकी सिद्ध करायला भावना उपयोगी पडत नाही. तारीख घातलेला एक कृष्णधवल फोटो पडतो.

आता आपल्या पेटीकडे येतो. येथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ज्या गोष्टी आपण लिहिल्या नाहीत त्या आधी विचारतो. तो गडू वाड्यातच जपून ठेवलेला होता, की कधीकाळी जोत्याच्या खोदकामात सापडला? हा फरक मोठा आहे. जमिनीत दडलेला ठेवा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. वडिलोपार्जित चालत आलेल्या नाण्यांना ते लागू होत नाही. तसेच १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुने, पुरावशेष ठरते. ते आपल्याकडे ठेवायला हरकत नाही, पण देशाबाहेर नेता येत नाही. शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा काही प्रकारांची नोंदणी अधिकाऱ्याकडे सक्तीची नोंदणी आहे. गंजिफांची पाने हाताने रंगवलेली असल्याने त्यांबद्दल पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला एकदा लेखी विचारून घ्या. तलवारीचा प्रश्न शस्त्र कायद्यात जातो. ती कोणालाही देण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्याकडून परवान्याबद्दल लेखी उत्तर मिळवा.

चार वस्तू एकाच ठिकाणी दिल्या पाहिजेत, असे मला वाटत नाही. मोडी रुमाल दिल्लीला पाठवू नका. मोडी वाचणारी माणसे पुण्यात आणि महाराष्ट्रात आहेत, आणि वाचला न जाणारा कागद कपाटात कितीही सुरक्षित असला तरी मुकाच राहतो. तो भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे किंवा शासनाच्या पुराभिलेखागाराकडे जावा. रुमाल सोडून कागद तारखेप्रमाणे लावण्याचा मोह मात्र टाळा. कोणत्या कागदाशेजारी कोणता कागद बांधला होता, यावरून कारकुनाचे डोके कळते. शिवराया मोठ्या संख्येने मिळतात, त्यामुळे राष्ट्रीय संग्रहालयाला त्या सुट्या नाण्यांचे विशेष अगत्य असेल असे मला वाटत नाही, पण ‘अमुक गावच्या अमुक वाड्यातील, गडूसह अखंड ठेव’ म्हणून सातारा जिल्ह्यातल्या संग्रहालयाला त्यांचे मोल आहे. त्यांना चिंच, मीठ किंवा राख लावू नका. तांब्यावरचा हिरवट-काळा थर ही घाण नाही, आणि तो गेला की अक्षरांच्या कडा त्याच्याबरोबर जातात. गंजिफांचा डाव अपुरा आहे म्हणून तो कमी प्रतीचा समजू नका. किती पाने आहेत, डाव दशावतारी आहे का, आणि डबा सोबत आहे का, हे मोजून लिहा. लाखेचे काम असल्याने ती उन्हात ठेवू नका आणि रबर लावून बांधू नका. एखाद्या मोठ्या संग्रहालयाला या चारांपैकी कशात रस वाटलाच तर तो यात वाटेल.

थोडक्यात, आधी कायद्याचे दोन खुलासे, मग नोंद, मग संस्था, असा क्रम ठेवा. संस्था निवडताना तिची इमारत पाहू नका, तिचे रजिस्टर पाहायला मागा. देणगीपत्र मिळते का, वस्तूवर क्रमांक कसा घालतात, दहा वर्षांपूर्वीच्या देणगीतील एखादी वस्तू काढून दाखवू शकतात का, हे विचारा. चांगला अभिरक्षक या प्रश्नांनी नाराज होत नाही. आणि ‘कायम दालनात ठेवावी’ अशी अट घालू नका; कोणतीही जबाबदार संस्था ती मान्य करणार नाही, आणि जी करील ती पाळू शकणार नाही. त्याऐवजी ‘वस्तू विभागू नयेत आणि मूळ घराची नोंद फलकावर असावी’ अशी विनंती करा. ती पुष्कळदा मानली जाते.

नोंद कशी करायची ते सांगून थांबतो. दोनशे पानी वही घ्या, एका वस्तूला एक पान. वर आपला साधा क्रमांक, त्याखाली लांबी, रुंदी, वजन, वस्तूवर काही लिहिलेले असेल तर ते जसेच्या तसे. अनेक संग्रहालये क्रमांकात आधी वर्षाचे दोन आकडे, मग टिंब, मग त्या वर्षातील अनुक्रम लिहितात; तीच पद्धत घरी वापरली तर पुढे त्यांना सोपे जाते. क्रमांक वस्तूवर लिहू नका, पांढऱ्या सुती फितीवर लिहून फीत सैल बांधा. दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पेटी रिकामी करण्यापूर्वीचा, वस्तू जशा होत्या तशा दाखवणारा एक फोटो त्यात हवाच. पेटी आधीच उपसली असेल तर काय कोठे होते ते आठवेल तसे काढून ठेवा.

आणि हे सगळे आत्यांसमोर बसून करा. वस्तू त्यांच्या हातात द्या, प्रश्न कमी विचारा, फोनवर आवाज टिपत राहा. गंजिफा कोण खेळत असे, कोणती पाने कधी हरवली, गडू कोणत्या कोनाड्यात असे, तलवार दसऱ्याला कोण पुजत असे, रुमालाला शेवटची गाठ कोणी मारली, हे त्यांना ठाऊक असेल. त्या चुकीचे सांगत आहेत असे वाटले तरी दुरुस्त करू नका, जसे सांगतील तसे लिहा आणि पुढे आपली शंका वेगळ्या शाईने लिहा. संस्थांची पत्रे, परवाने आणि माझ्या या उत्तरावरचा विचार दोन-तीन महिने पुढे गेला तरी बिघडणार नाही. आत्यांकडे मात्र या रविवारीच जा.